अब्राहाम : इब्री लोकांचा मूळपुरुष



दरवर्षी उपवासकाळाच्या दुसऱ्या रविवारी पहिल्या वाचनात आपणांस अब्राहाम भेटतो. एका वर्षी त्याला घर सोडून निघण्याची आज्ञा होते, दुसऱ्या वर्षी तो मुलाला घेऊन डोंगर चढतो आणि तिसऱ्या वर्षी देव त्याला आकाशातले तारे मोजायला सांगतो. पास्काच्या जागरणविधीत तो पुन्हा येतो. मिस्साबलिदानाच्या पहिल्या महाप्रार्थनेत धर्मगुरू त्याचे नाव घेतात, तेही श्रद्धेतील आपला पिता म्हणून. ख्रिस्तसभेच्या संतनामावलीत ९ ऑक्टोबर हा त्याच्या स्मरणाचा दिवस आहे. एवढे असूनही तीन वर्षांच्या फेऱ्यात तुकड्या-तुकड्यांनी ऐकल्यामुळे हा माणूस सबंध असा आपल्या डोळ्यांपुढे उभा राहत नाही. म्हणून त्याचे चरित्र एकदा सलग सांगावे असे आम्हांला वाटले.

सोलापुरात मूळ गाव विचारल्याशिवाय ओळख पुरी होत नाही. नव्या पेठेत कापड बघता बघता दुकानदार आडनाव विचारतो आणि आडनाव कळले की गाव विचारतो. मागावर काम करण्यासाठी तेलंगणातून आलेली पद्मशाली कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिली, अस्सल सोलापूरकर झाली, तरी घरात तेलुगू बोलतात आणि आपण मूळचे कुठले हे विसरत नाहीत. बायबलमधील इब्री लोकही असेच होते. आपला बाप भटका अरामी होता आणि तो परक्या देशातून आला होता, हे त्यांनी आपल्या प्रार्थनेतच घालून ठेवले होते. शेतातील पहिले पीक देवाला वाहताना प्रत्येक शेतकऱ्याने ते तोंडाने म्हणायचे, असा अनुवाद ग्रंथाचा नियम आहे. आपण या मातीतून उगवलो, असा दावा करणारी राष्ट्रे पुष्कळ आहेत. आपण बाहेरून आलो हे देवापुढे उभे राहून सांगणारे राष्ट्र विरळाच.

इब्री हे नाव कुठून आले याविषयी दोन मते आहेत. उत्पत्तीच्या पुस्तकातील वंशावळीत नोहाचा मुलगा शेम, त्याच्या वंशात एबर आणि एबरच्या पुढच्या पिढ्यांत तेरह व तेरहाचा मुलगा अब्राम अशी साखळी येते. त्यावरून एबरचे ते इब्री, हे एक मत. दुसरे मत असे की, त्या भाषेत पार होणे, ओलांडणे या अर्थाचा जो शब्द आहे त्यावरून नदीपलीकडचे ते इब्री. नदी म्हणजे युफ्रेटिस. १८८७ साली इजिप्तमध्ये अमार्ना येथे मातीच्या विटांवर कोरलेली पत्रे सापडली. ती इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकातली आहेत आणि त्यांत कनान देशातल्या हबिरू नावाच्या लोकांबद्दल तक्रारी आहेत. हबिरू म्हणजेच इब्री, असे तेव्हा अनेकांनी छातीठोकपणे सांगितले. पुढे लक्षात आले की, हबिरू हे कोणा एका वंशाचे नाव नव्हते. घरदार, जमीनजुमला नसलेल्या, कोणाच्याच राज्यात नीट न बसणाऱ्या माणसांना तसे म्हणत. आम्हांला मात्र ही माहिती अब्राहामाच्या गोष्टीला शोभणारी वाटते. पवित्र शास्त्रात इब्री हा शब्द पहिल्यांदा त्याच्याच बाबतीत येतो आणि तेव्हा तो दुसऱ्यांच्या रानात तंबू ठोकून राहत होता.

त्याचे मूळ गाव ऊर. ते आज दक्षिण इराकमध्ये उजाड टेकाडांच्या रूपात आहे. लिओनार्ड वुली या इंग्रज संशोधकाने १९२२ ते १९३४ या काळात तिथे उत्खनन केले, तेव्हा विटांची घरे, गल्ल्या, राजघराण्याच्या कबरी आणि चंद्रदेवाचे पायऱ्यापायऱ्यांचे प्रचंड मंदिर उजेडात आले. म्हणजे अब्राम निघाला तो एखाद्या वाडीवस्तीतून नव्हे, त्या काळच्या मोठ्या शहरातून. ६ मार्च २०२१ रोजी दिवंगत पोप फ्रान्सिस या ऊरच्या मैदानावर गेले होते आणि तिथे मुस्लीम व इतर धर्मांच्या लोकांसह त्यांनी प्रार्थना केली होती.

त्याचे घराणे एका देवाला भजणारे नव्हते. यहोशवाच्या पुस्तकात स्पष्टच म्हटले आहे की, तेरह नदीपलीकडे राहत असताना अन्य देवांची सेवा करीत असे. आणखी एक गोष्ट आपण सहसा विसरतो. ऊर सोडले ते तेरहाने. मुलगा अब्राम, सून साराय आणि दिवंगत मुलाचा मुलगा लोट यांना घेऊन तो कनानकडे निघाला होता. वाटेत, आजच्या तुर्कस्तानात असलेल्या हारान गावी तो थांबला आणि तिथलाच झाला. का थांबला ते शास्त्र सांगत नाही. बापाने अर्ध्यावर सोडलेली वाट मुलाने पुरी केली.

देवाने हाक दिली तेव्हा अब्राम ७५ वर्षांचा होता. देश, नातलग आणि बापाचे घर सोडायचे, आणि जायचे कुठे, तर देव दाखवील त्या देशात. पत्ता नाही, मुदत नाही. त्या काळी माणसाला पोलीस, न्यायालय, विमा सगळे काही भाऊबंदच असत. ते सोडणे म्हणजे उघड्यावर येणे. त्यात पदरी मूल नाही. साराय वांझ होती आणि देवाचे वचन तर मोठे राष्ट्र होण्याचे. तो निघाला. शखेम, बेथेल आणि मग दक्षिणेकडे, असा तो मुक्काम हलवीत गेला. जिथे थांबला तिथे त्याने वेदी बांधली. घर मात्र कुठेच बांधले नाही.

त्याचे चरित्र सांगताना त्याच्या चुका झाकायचे कारण नाही, पवित्र शास्त्राने त्या झाकलेल्या नाहीत. दुष्काळात तो इजिप्तमध्ये गेला आणि तिथे बायको सुंदर म्हणून आपल्याला मारतील, या भीतीने त्याने तिला बहीण म्हणून सांगायला लावले. ती त्याची सावत्र बहीण होतीही, पण अर्धे खरे सांगून त्याने तिला फारोच्या वाड्यात जाऊ दिले, हे काही मर्दपणाचे लक्षण नव्हे. तिची सुटका देवाने केली. हीच लबाडी त्याने पुढे गरारमध्ये पुन्हा केली. श्रद्धेचा बाप म्हणून ज्याचे नाव घेतले जाते त्याची श्रद्धा अशी अडखळत गेली आहे.

लोटाशी गुराख्यांवरून भांडण झाले तेव्हा मात्र तो मोठ्या मनाचा ठरला. वडील या नात्याने चांगली जमीन निवडण्याचा हक्क त्याचा होता. त्याने पुतण्यालाच आधी निवडू दिले. लोटाने यार्देनेचे हिरवे खोरे घेतले आणि सदोमाजवळ जाऊन राहिला. पुढे लढाईत तो कैद झाला, तेव्हा हाच काका आपली ३१८ माणसे घेऊन त्याला सोडवायला धावला. त्या स्वारीवरून परतताना शालेमचा राजा मेल्कीसदेक भाकर व द्राक्षारस घेऊन सामोरा आला आणि त्याने अब्रामाला आशीर्वाद दिला. मिस्सामध्ये मेल्कीसदेकाचेही नाव येते, ते याच भाकर व द्राक्षारसामुळे.

आता हागारेबद्दल. मूल होईना म्हणून सारायने आपली इजिप्शियन दासी नवऱ्याला दिली. त्या काळच्या रिवाजात ते बसत होते. दासी गरोदर राहिली, दोघींत वितुष्ट आले, सारायने तिला छळले आणि ती रानात पळाली. तिथे झऱ्याकाठी देवाच्या दूताने तिला गाठले. पवित्र शास्त्रात दूत घरी परतायला सांगण्यासाठी पहिल्यांदा येतो, तो एका परदेशी मोलकरणीकडे. तिने देवाला नावही दिले : पाहणारा देव. अब्राम ८६ वर्षांचा असताना तिचा मुलगा इश्माएल जन्मला. या नावाचा अर्थ देव ऐकतो.

९९व्या वर्षी देवाने अब्रामाचे नाव अब्राहाम केले, सारायची सारा झाली आणि सुंता ही कराराची खूण ठरली. मम्रेच्या एला झाडांपाशी भर दुपारी तीन वाटसरू आले. त्यांना सावलीत बसवून त्याने पाणी, भाकरी, लोणी-दूध आणि कोवळे वासरू पुढे केले. वर्षभरात साराला मुलगा होईल, असे पाहुण्यांनी सांगितले आणि तंबूच्या दाराआड सारा हसली. नव्वदीच्या बाईने दुसरे काय करावे! मुलगा झाला, त्याचे नाव इसहाक. या नावातच हसणे आहे. मात्र इसहाकाचे दूध तोडण्याच्या मेजवानीनंतर हसू मावळले. सारेच्या सांगण्यावरून अब्राहामाने हागारेला भाकरी व पाण्याची पखाल देऊन मुलासकट घराबाहेर काढले. हे त्याला फार जड गेले असे शास्त्र सांगते. बैरशेबाच्या रानात पाणी संपले, आईने मुलाला झुडपाखाली ठेवले आणि त्याचे मरण पाहवेना म्हणून ती दूर जाऊन बसली. देवाने मुलाचा आवाज ऐकला आणि तिला विहीर दिसली. अरबांचा मूळपुरुष तोच इश्माएल, असे परंपरा मानते.

तेव्हा अब्राहामाची मुले कोण, हा वाद त्याच्या घरातच सुरू झाला. तो वाद पुढे आपल्या महाराष्ट्रापर्यंत कसा आला, हे थोडे सविस्तर सांगितले पाहिजे.

अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी फार पूर्वी एक गलबत फुटले. त्यातून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, बुडालेल्यांना किनाऱ्यावरच पुरले, ग्रंथ सगळे समुद्रात गेले, अशी बेने इस्राएल समाजाची परंपरा आहे. बेने इस्राएल म्हणजे इस्राएलची लेकरे. इस्राएल हे अब्राहामाचा नातू याकोब याचे दुसरे नाव. हे लोक कोकणात तेल गाळू लागले. शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून शेजारी त्यांना शनिवार तेली म्हणत. मराठी बोलत, मराठी पेहराव करीत, आणि गावांवरून किहीमकर, पेणकर, दिवेकर, रोहेकर अशी आडनावे लावीत. हिब्रू भाषा विसरली, पण मुलाची आठव्या दिवशी सुंता करणे, शब्बाथ पाळणे आणि खवले व पर नसलेली मासळी न खाणे हे राहिले. पुढे डेव्हिड राहबी नावाच्या यहुदी पाहुण्याने त्यांच्या बायकांपुढे निरनिराळी मासळी ठेवून पाहिली आणि बायकांनी निषिद्ध मासळी बाजूला काढली, तेव्हा हे आपलेच लोक अशी त्याची खात्री पटली, अशी कथा ते सांगतात. म्हणजे वंशावळीचा कागद हरवला होता, पण चुलीपाशी तो शिल्लक होता!

मुंबईतले त्यांचे पहिले सभास्थान सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी १७९६ साली बांधले. अलिबागच्या सभास्थानाचे नाव मागेन आबोथ, म्हणजे पूर्वजांची ढाल. १८७४ साली पुण्यात वल्हांडणाच्या विधीचे पुस्तक मराठी भाषांतरासह छापले गेले. त्या विधीतही दरवर्षी आठवण दिली जाते की, आपले पूर्वज तेरहासारखे मूर्तिपूजक होते आणि देवाने अब्राहामाला नदीपलीकडून आणले. मुंबईत शाळा काढणारे हाइम सॅम्युएल किहीमकर यांनी आपल्या समाजाचा इतिहास १८९७ साली लिहून पुरा केला. तो छापून निघाला १९३७ साली, तेल अवीवमध्ये.

१९४८ नंतर यांतील बहुसंख्य कुटुंबे इस्राएलला गेली. तिथे अब्राहामाच्या देशात त्यांना काय विचारले गेले? तर तुम्ही खरे यहुदी कशावरून. १९६२ साली तिथल्या मुख्य धर्मगुरूंनी आदेश काढला की, बेने इस्राएल मुलामुलींचे इतर यहुद्यांशी लग्न लावण्यापूर्वी त्यांच्या आईच्या बाजूच्या मागच्या पिढ्या तपासाव्यात. ज्यांनी देवळांच्या आणि मशिदींच्या शेजारात राहून शनिवारी घाणा बंद ठेवला, ज्यांना इथे कोणी त्यावरून छळले नाही, त्यांना स्वतःच्या घरी जाऊन पूर्वजांचा दाखला द्यायची पाळी आली. १९६४च्या उन्हाळ्यात ते जेरुसलेमच्या रस्त्यावर धरणे धरून बसले. ऑगस्टमध्ये इस्राएलच्या संसदेने खास बैठक घेऊन हे लोक सर्वार्थाने यहुदी असल्याचे जाहीर केले आणि त्यांचे वेगळे नाव काढून आदेश बदलण्यात आला. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या रक्ततपासणीच्या संशोधनात त्यांच्यात पश्चिम आशियातील यहुदी आणि भारतीय असे दोन्ही अंश असल्याचे दिसून आले. त्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने यहुदी समाजाला अल्पसंख्याकाचा दर्जा दिला. पण रक्त तपासून अब्राहाम सापडेल का, असा प्रश्न आम्हांला पडतो. त्याचे नाव कोरलेला एकही दगड आजवर मिळालेला नाही. इस्राएल हे नाव असलेला सर्वांत जुना निर्विवाद लेख इजिप्तचा राजा मर्नेप्ताह याचा. तो इसवी सनापूर्वी सुमारे १२०८चा, म्हणजे अब्राहामाचा जो काळ सहसा धरतात त्याच्या कित्येक शतके नंतरचा.

आपल्या बाबतीत तर रक्ताचा प्रश्नच नाही. आपल्या आजा-पणजांचे मूळ तेरहापर्यंत नेण्याचा कोणी प्रयत्नही करणार नाही. हा प्रश्न रोमच्या ख्रिस्ती मंडळीपुढेही होता आणि संत पौलाने त्याला जे उत्तर दिले ते वर्षांच्या हिशोबाचे आहे. अब्राहामाने देवावर विश्वास ठेवला आणि तो नीतिमान गणला गेला, ही गोष्ट उत्पत्तीच्या पंधराव्या अध्यायातली. त्याची सुंता झाली सतराव्या अध्यायात. म्हणजे देवाने स्वीकारले तेव्हा तो बिनसुंत्याचाच, परका माणूस होता. तेव्हा सुंता झालेल्यांचा तो जसा पिता, तसाच न झालेल्यांचाही. संत मत्तय येशूची वंशावळ अब्राहामापासून सुरू करतो. पवित्र मरिया आपल्या स्तोत्रात त्याचे नाव घेते. स्नानसंस्कार देणाऱ्या योहानाने मात्र, अब्राहाम आमचा बाप म्हणून मिरवणाऱ्यांना सुनावले होते की, देव या दगडांतूनही त्याला मुले देऊ शकतो. फादर थॉमस स्टीफन्स यांनी गोव्यात मराठी ओव्यांमध्ये क्रिस्तपुराण रचले आणि ते १६१६ साली छापले गेले. त्याच्या पहिल्या पुराणात जुन्या करारातल्या या पूर्वजांच्याच कथा आहेत. रक्ताचे नाते नसलेल्या मराठी माणसांना त्यांनी हे पूर्वज त्यांच्याच भाषेत आणून दिले.

चरित्र मोरियापाशी येऊन थांबले आहे. देवाने इसहाकाचे अर्पण मागितले. बाप पहाटे उठला, लाकडे फोडली आणि मुलाला घेऊन तीन दिवस चालला. सदोम वाचावे म्हणून देवाशी पन्नासापासून दहापर्यंत घासाघीस करणारा हा माणूस स्वतःच्या मुलासाठी एक शब्द बोलला नाही. मुलाच्या पाठीवर लाकडे होती आणि मेंढरू कुठे आहे असे त्याने विचारले, तेव्हा देव पुरवील असे बाप म्हणाला. सुरी उचलली तेव्हा दूताने हाक मारून थांबवले आणि झुडपात अडकलेला एडका दिसला. या अध्यायावर हजारो पाने लिहिली गेली आहेत, आम्ही त्यांत भर घालत नाही. एवढेच नोंदवतो की, सारेचे नाव या प्रसंगात कुठेही येत नाही आणि पुढच्याच अध्यायात तिच्या मृत्यूची वार्ता आहे.

ती १२७ वर्षांची होऊन हेब्रोनात वारली. साऱ्या देशाचे वचन मिळालेल्या अब्राहामाकडे बायकोला पुरायला हातभर जागा नव्हती. त्याने तिथल्या हित्ती लोकांपुढे वाकून आपण परके, उपरे आहोत असे सांगितले आणि एफ्रोनाची मक्पेला गुहा मागितली. एफ्रोन म्हणाला, अशीच घ्या. मग ओघात किंमतही सांगून गेला, ४०० शेकेल, तुमच्या-आमच्यात त्याचे काय एवढे! बाजारात वावरणाऱ्या आपणां सोलापूरकरांना हे बोलणे समजायला टीकाकार नको. अब्राहामाने घासाघीस केली नाही. साक्षीदारांसमोर चांदी तोलून दिली. वचनदत्त देशातली त्याच्या मालकीची जमीन ती एवढीच, एक कबर.

हेरोद राजाने त्या जागेभोवती बांधलेली दगडी भिंत अजून उभी आहे. यहुदी, ख्रिस्ती आणि मुस्लीम तिघेही ती जागा पवित्र मानतात. अरबी भाषेत हेब्रोनचे नाव अल-खलील, म्हणजे देवाचा मित्र. त्याच गावात १९२९ साली ६७ यहुदी मारले गेले, आणि १९९४ साली त्या कबरीवरच्या इमारतीत नमाज पढणाऱ्या २९ मुस्लिमांना एका यहुदी बंदूकधाऱ्याने ठार केले. त्यानंतर आतली जागा यहुदी आणि मुस्लीम यांच्यात वेगळी वाटून देण्यात आली.

सारेच्या मागे अब्राहाम पुष्कळ जगला. कटूरा नावाची बायको केली, तिला सहा मुलगे झाले. इसहाकासाठी मुलगी पाहायला त्याने आपला कारभारी थेट अरामात, आपल्या गणगोताकडे पाठवला आणि रिबेका सून म्हणून घरी आली. १७५व्या वर्षी तो वारला. निरोप गेला तसा इश्माएलही आला. लहानपणी पखालभर पाण्यावर घराबाहेर काढलेला तो मुलगा आणि डोंगरावर बांधला गेलेला इसहाक, या दोघांनी मिळून बापाला मक्पेलाच्या गुहेत सारेच्या शेजारी ठेवले.